ऐंशीच्या पुढचा काटा

इस्पितळाच्या आवारात त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. कधी कारकुनानं एखाद्या कागदावरचं नाव मोठ्यानं वाचलं, तर आजूबाजूचे हसून विचारत, "हे कोण बुवा नवीन?" बाकी सगळ्यांना ते सावकाशराव.

नाव पडलं ते गाडी चालवण्यावरून. इस्पितळाचा एक फिरता ट्रेलर होता. आत बायकांच्या स्तनांचे क्ष-किरण फोटो काढायचं यंत्र, एक पडदा, एक छोटं बाक आणि कपडे अडकवायला चार खुंट्या. पुढे दणकट डिझेल गाडी. तिच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरचा दांडा बसवायचा, साखळी अडकवायची, दिव्यांची वायर जोडायची आणि निघायचं. ज्या गावांत असं यंत्र नाही तिथे दोन-दोन दिवस मुक्काम ठोकायचा. गाठ लहान असताना सापडली तर बाई वाचते, एवढं साधं ते काम. सावकाशराव एकोणीस वर्षं तो ट्रेलर ओढत होते, आणि एकोणीस वर्षांत मोकळ्या हमरस्त्यावरसुद्धा त्यांच्या गाडीचा काटा ऐंशीच्या पुढे गेला नव्हता.

का, असं कुणी विचारलं की ते सांगत. न विचारता तर जास्तच सांगत. मागे ट्रेलर म्हणजे घरी आलेला हट्टी पाहुणा. आपण वळलो म्हणून तो लगेच वळत नाही, आपण थांबलो म्हणून लगेच थांबत नाही. साठनं गेलं तर मागचे ट्रकवाले उरावर बसतात आणि नको तिथे ओव्हरटेक करतात. नव्वदच्या वर गेलं की वारा ट्रेलरला धरून हलवायला लागतो. आणि डिझेल? ऐंशीला गाडी लिटरमागे नऊ किलोमीटर देते, शंभर ओलांडले की जेमतेम सहा. "वाऱ्याशी भांडायला जावं आणि डिझेल आपलं जावं, हा कुठला शहाणपणा?" असं म्हणून ते मान डोलवत. नवे ड्रायव्हर तोंडावर हो म्हणत आणि पाठीमागे त्यांची नक्कल करत. सावकाशरावांना ते ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं. माणसाला कशाचा तरी अभिमान असतो. त्यांना ऐंशीचा होता. आणि दुसरा होता वेळेचा. सावकाश जाऊनही ते कधी उशिरा पोचले नव्हते, कारण निघतच लवकर.

त्या दिवशी मात्र धाकटा भाऊ जेवायला आला.

भाऊ लांबच्या पल्ल्याचा मालट्रक चालवायचा. चार महिन्यांनी एकदा वाट वाकडी करून यायचा आणि आला की हसवून हसवून घर डोक्यावर घ्यायचा. ट्रेलर दारासमोर उभा होता, अडीचला निघायचं होतं, पाचच्या आत एकशे चाळीस किलोमीटरवरच्या गावी पोचायचं होतं. पाचला तिथला वीज जोडून देणारा माणूस घरी जातो. तो गेला की यंत्राला वीज नाही, आणि यंत्र रात्रभर थंड राहिलं तर सकाळी वेळेवर सुरू होत नाही. सावकाशरावांना हे सगळं पाठ होतं. पण भाऊ एकातून एक गोष्टी काढत राहिला, बायको पुन्हा पुन्हा वाढत राहिली. मध्येच भाऊ वहिनीला म्हणाला, "वहिनी, दादाला ऐंशीचं काय कौतुक! याच्या मागून चालणाऱ्या माणसाचं लग्न ठरून मोडतं, तरी हा आपला ऐंशीवरच." सावकाशरावही हसले. घड्याळाकडे पाहिलं तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

फोन करायचा होता. "उशीर होतोय, अर्धा तास थांबा," एवढंच म्हणायचं होतं. वीजवाला थांबला असता. भला माणूस होता. पण एकोणीस वर्षांत न केलेला फोन आज कसा करायचा, आणि तोही कशासाठी, तर जेवण लांबलं म्हणून? त्यांनी फोन खिशात ठेवला आणि गाडी काढली.

गावाबाहेर रस्ता मोकळा लागला आणि काटा ऐंशीवर आला. तिथे तो रोज आपोआप थांबायचा. आज पाय थांबला नाही. नव्वद. शंभर. इंजिनाचा आवाज बदलला. एकशे दहाला आरशात ट्रेलर पाहिला तर तो सरळ येत होता, आणि सावकाशरावांच्या मनात आलं ते हे, की इतकी वर्षं आपण उगाच घाबरत होतो की काय? हा विचार पुढे त्यांना फार दिवस टोचत राहिला. घाई तर कुणालाही होते. पण त्या घटकेला त्यांना मजा आली होती.

शेवटच्या पंचवीस किलोमीटरांत एक लांब उतार आहे. उतारावर एक रिकामा मोठा ट्रक त्यांना ओलांडून गेला आणि त्याच्या वाऱ्याचा फटका बसला. ट्रेलर आधी थोडा डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग जास्त डावीकडे. गाडीची शेपटी कुणीतरी धरून हलवावी तसं झालं. हात-पाय शहाणे होते. त्यांनी ब्रेक मारला नाही, स्टिअरिंग ओढलं नाही, नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि चाक सरळ धरून ठेवलं. ट्रेलर शांत होत आला. पण शांत होता होता त्याचं डावं चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरलं आणि धाडकन वर आलं. तो आवाज त्यांनी पाठीच्या कण्यात ऐकला.

बाजूला घेऊन ते उतरले. गोळा ठीक, साखळी ठीक, टायर गरम पण ठीक. आता मागचं दार उघडून आतलं यंत्र बघायचं, हा नियम. चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. त्यांनी दाराच्या कडीला हात लावला, कडी घट्ट आहे एवढं पाहिलं आणि पुन्हा गाडीत बसले.

ते पाचला दहा कमी असताना पोचले. वीजवाला हसत पुढे आला. म्हणाला, "सावकाशराव आले म्हणजे पाच वाजायला दहा मिनिटं आहेत असं समजायचं, घड्याळ कशाला हवं?" त्यांनी यंत्राच्या तपासणीचा कागद काढला. अकरा ओळी होत्या. प्रत्येक ओळीपुढे बघून खूण करायची. पडदा, दिवे, यंत्राचे पट्टे, फोटो जिच्यावर उमटतो त्या फोटोपाटीची चौकट. आत न बघताच त्यांनी अकराही खुणा एका दमात केल्या आणि खाली सही ठोकली.

मग डिझेलची आठवण झाली. साडेपंधरा लिटर लागायचं तिथे तेवीस गेलं होतं. इस्पितळात लॉगबुक कुणी वाचत नसे, पण सावकाशरावांचं लॉगबुक म्हणजे नव्या ड्रायव्हरांना दाखवायचा नमुना. त्यांनी पंपावर जाऊन पदरचं डिझेल टाकलं आणि लॉगबुकात नेहमीच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, साडेपंधरा. खोटं लिहिताना अक्षर जरा जास्तच चांगलं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं फोटोताई आली. तिचं काम क्ष-किरण फोटो काढायचं. गावोगावच्या बायका "ती फोटोवाली ताई" म्हणत, तेच नाव इस्पितळात रुळलं. चाळिशीची, बोलकी, हाताला हलकी. यंत्रात छाती दाबली जाते, बायकांना दुखतं, लाज वाटते. फोटोताई त्यांना बोलण्यात अशी गुंतवायची की कधी झालं ते कळायचंही नाही. अकरा वर्षं ती सावकाशरावांबरोबर फिरत होती आणि त्यांना दादा म्हणायची.

त्या दोन दिवसांत अठ्ठावन्न बायका येऊन गेल्या.

आठवड्यानंतर मोठ्या बाईंनी, म्हणजे हे फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांनी, सगळ्यांना बोलावलं. प्रत्येक फोटोच्या एका कडेला, छातीच्या भिंतीलगत, दोन बोटं रुंदीची धूसर पट्टी होती. त्या पट्टीत काही असलं तरी दिसलं नसतं. ट्रेलरमधल्या लहान स्क्रीनवर ती पट्टी नजरेत भरली नव्हती. एक नाही, दोन नाही, अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न फोटो पाण्यात. यंत्र दुरुस्त करणारा इंजिनिअर म्हणाला की फोटोपाटीची चौकट एका बाजूनं ढिली झाली होती. मग त्यानं विचारलं की सकाळी चाचणीचे दोन फोटो काढतात, त्यात हे कसं नाही दिसलं?

प्रश्न फोटोताईला होता. दोन फोटो काढायचे असतात, एक मधला आणि एक कडेचा. त्या सकाळी दारात वीस बायका उभ्या होत्या, एक तर चक्कर येऊन बसली होती. ताईनं मधला काढला, चांगला आला, आणि कडेचा दोन्ही दिवस राहूनच गेला. तिनं काहीही न लपवता हे सांगून टाकलं.

"पण चौकट ढिली झाली कशानं?" इंजिनिअर म्हणाला. "हादरा बसल्याशिवाय ती अशी सुटत नाही." आणि त्यानं सावकाशरावांकडे पाहिलं.

उत्तर मोठ्या बाईंनीच दिलं. "त्यांना काय विचारता? ते सावकाशराव आहेत." खोलीत त्या दिवशी पहिल्यांदा कुणी हसलं. इंजिनिअरही हसला, पण कागदावर लिहायचं म्हणून त्यानं पुन्हा विचारलं, रस्त्यात काही झालं होतं का.

"काही नाही," सावकाशराव म्हणाले. "ऐंशीनंच आलो."

सांगायला एक श्वाससुद्धा लागला नाही. एकोणीस वर्षांचा खरेपणा त्यांच्या बाजूनं साक्षीला उभा होता. त्यांना स्वतःला फार खोटं बोलावंच लागलं नाही.

फोटोताईला लेखी ताकीद मिळाली आणि ट्रेलरवरून काढून तळघरातल्या जुन्या फाइलींच्या खोलीत बसवलं. बैठकीनंतर ती जिन्यात उभी होती. सावकाशराव तिच्यासाठी चहा घेऊन गेले. ती म्हणाली, "दादा, मीच हात आखडता घेतला. पाच मिनिटांचं काम होतं." ते म्हणाले, होतं असं कधी कधी, मनाला लावून घेऊ नका. हे त्यांनी म्हटलं. कप तिच्या हातात देऊन म्हटलं.

घरी त्यांचं जेवण तुटलं. बायकोनं आधी पोटाचं विचारलं, मग डोक्याचं, मग रागावून विचारलं, "भावाशी काही बिनसलंय का?" ते नाही म्हणाले. भावाचा फोन आला तर उचलला नाही; जणू चूक त्याच्या गोष्टींची होती. ते मनाशी हिशेब मांडत बसत. ताईनं कडेचा फोटो काढला असता तर कळलंच असतं की नाही? असतंच. म्हणजे चूक तिचीही आहेच. मग लगेच आठवे, ती वीस बायकांसाठी घाईत होती. आपण कशासाठी होतो? आणि तिनं विचारताक्षणी सांगून टाकलं. या जागी आलं की हिशेब मोडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. इस्पितळात कुणी लांबूनही "सावकाशराव!" म्हटलं की त्यांच्या अंगावर कुणी गरम पाणी टाकावं तसं होई.

दोन आठवड्यांनी फोटो पुन्हा काढायला ट्रेलर त्याच गावी गेला. बरोबर नवी ताई होती, तरुण, अबोल. सावकाशराव ऐंशीनं गेले. पूर्वी ऐंशीवर काटा आला की त्यांना बरं वाटायचं; आता तो काटा बघवेना.

अठ्ठावन्नपैकी एकावन्न बायका आल्या. सात आल्या नाहीत. नव्या ताईनं फोन केले. तिघींनी उचलले नाहीत, तिघींनी पुढच्या वेळी येऊ म्हटलं, एकीनं सरळ नकार दिला. ती नकार देणारी बाई ट्रेलरपासून दोन गल्ल्यांवरच राहत होती. कपडे शिवायची. सावकाशराव म्हणाले, मी जाऊन येतो. का गेले ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. ट्रेलरजवळ बसवत नव्हतं, हे एक खरं.

शिवणवाल्या बाईंची खोली रस्त्यालगतच होती. खिडकीशी मशीन, भिंतीला टांगलेले अर्धे शिवलेले कोट, जमिनीवर कापडाच्या चिंध्या. बाई पन्नाशीच्या, दातांत टाचण्या धरून एका बाहीची लांबी बघत होत्या. त्यांनी टाचण्या काढल्या, ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. एकदा दुखवून घेतलंय, परत कोण दुखवून घेणार? शिवाय हंगामाचं काम अंगावर आहे.

सावकाशराव म्हणाले की आधीचे फोटो बिघडले होते.

"बिघडवले म्हणा," बाई म्हणाल्या. "ती तुमची फोटोवाली. तोंड नुसतं चालू होतं तिचं. मला वाटलंच होतं, हिचं लक्ष कामात नाही. माझ्याकडे अशी मुलगी असती तर मी तिला बटणंसुद्धा लावायला दिली नसती."

सावकाशराव उंबऱ्यातच उभे होते. हो म्हणून निघून जाता आलं असतं. मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण फोटोताईच्या बोलण्यावर, ज्या बोलण्यानं अकरा वर्षं बायकांचं दुखणं हलकं झालं होतं, त्याच बोलण्यावर हा ठपका येऊन बसलेला त्यांना सहन होईना.

"तिचं नाही," ते म्हणाले. "यंत्र माझ्यामुळे बिघडलं. मी गाडी जोरात आणली. ट्रेलर आदळला, मला कळलं होतं, आणि मी दार उघडून बघितलं नाही."

बाईंनी हातातल्या टाचण्या डबीत ठेवल्या. मग त्यांनी विचारलं, "हे तिला माहीत आहे?"

"नाही."

"कुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला."

बाईंनी टाचण्यांची डबी बंद केली. मग बाही बाजूला ठेवून उठल्या, पायांत चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला. पण तिला सांगा. मला सांगून काय उपयोग? मी कोण?" वाटेत त्या दोन पावलं पुढे चालत होत्या. सावकाशरावांना वाटलं, बरंच झालं, तोंड दिसत नाही.

शिवणवाल्या बाईंच्या फोटोत गाठ सापडली. लहान होती, वाटाण्याएवढी. आणि होती ती नेमकी त्या कडेला, जिथे पहिल्या फोटोत धूसर पट्टी होती.

हे कळलं त्या सकाळी सावकाशराव मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. जेवण, फोन न केलेला, एकशे दहा, उतार, कडी, अकरा खुणा, डिझेल, बैठकीतलं उत्तर. काही गाळलं नाही. शेवटी सावकाशरावांनी विचारलं की तीन आठवड्यांच्या उशिरानं त्या बाईंचं काही बिघडलं असेल का.

"बहुधा नाही," त्या म्हणाल्या. "असल्या गाठी हळू वाढतात." मग चष्मा काढून म्हणाल्या, "बहुधा म्हणतेय मी. त्याहून पक्कं तुम्हाला हवं असेल तर माझ्याकडे नाही." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "आणि त्या दिवशी तुमच्या वतीनं मीच बोलले. ते मला आता आयुष्यभर आठवणार."

हे त्यांना सगळ्यांत जड गेलं. आपण केलं ते आपल्यापुरतं राहत नाही. आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्यालाही आपण खाली मान घालायला लावतो.

तिथून ते तळघरात गेले. फोटोताई शिडीवर बसून जुन्या पाकिटांना नंबर घालत होती. त्यांना पाहून तिला आनंद झाला. इथे उतरून भेटायला कुणी येत नसे. ती शिडीवरून उतरायच्या आतच त्यांनी बोलायला सुरुवात केली, कारण ती उतरून खुर्ची पुढे करील आणि मग आपल्याला बोलता येणार नाही, अशी भीती होती. ती वर, ते खाली, असं ते सांगणं झालं.

ती रडली नाही. ओरडलीही नाही. तिनं हातातलं पाकीट बरोबर जागेवर ठेवलं.

"मी माझ्या आईला सांगितलं," ती म्हणाली. "अठ्ठावन्न जणींचं माझ्यामुळे झालं म्हणून. ती माउली रोज विचारते, गेल्या का गं सगळ्या परत? कुणाचं काही निघालं का?" ती थांबली. "तुम्ही मला चहा आणून दिलात, दादा. जिन्यात. तेव्हा सांगितलं असतं तरी चाललं असतं. तेव्हा मी हसून सोडूनसुद्धा दिलं असतं."

ते म्हणाले, "चुकलो."

"कडेचा फोटो मी काढला नाही, ते माझं आहे. ते मी कुणाला देत नाही," ती म्हणाली. "पण जे तुमचं होतं ते तुम्ही माझ्या अंगावर राहू दिलंत. आता जा तुम्ही. मला काम आहे."

काम काही नव्हतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. ते गेले.

चौकशी झाली. सावकाशरावांना ट्रेलरवरून कायमचं काढलं. नोकरीची चार वर्षं राहिली होती, ती त्यांना आवारातली छोटी गाडी देण्यात आली. गोळा नाही, साखळी नाही, मागे काहीच नाही. फोटोताईची ताकीद कागदावरून गेली नाही, पण सौम्य झाली आणि ती पुन्हा ट्रेलरवर रुजू झाली. आता ती कडेचा फोटो आधी काढते, असं नवा ड्रायव्हर सांगायचा. ती सावकाशरावांना भेटली की "नमस्कार" म्हणायची. दादा म्हणायची नाही.

नाव मात्र कुणी बदललं नाही. बहुतेकांसाठी चांगल्या भावनेनंच, आणि एकदोघांसाठी मुद्दाम, ते सावकाशरावच राहिले. हाक आली की ते मान वर करत. त्यांना वाटे, शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा भावाला बोल लावला, मग स्वतःला, की मी वाढतच बसले. सावकाशरावांनी तिला थांबवलं. म्हणाले, त्यानं मला फक्त हसवलं, गाडी मी चालवली. मग त्यांनी भावाला फोन लावला आणि त्यालाही सांगितलं. त्याच्यासारख्या माणसाला काही विनोद सुचत नाही, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

शिवणवाल्या बाईंचं ऑपरेशन नीट झालं. मग काही आठवडे त्यांना उपचारासाठी यावं लागायचं आणि बसस्टँडवरून इस्पितळापर्यंत आणायचं काम आवारातल्या छोट्या गाडीकडे, म्हणजे सावकाशरावांकडे आलं. त्यांनी ते मागून घेतलं नव्हतं, पाळीनं आलं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, बाई दुसरी गाडी मागतील. त्या मागच्या सीटवर बसल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

गावात मात्र वेगळंच पसरलं होतं. तिथल्या बायका म्हणत होत्या की इस्पितळाचा एक ड्रायव्हर देवमाणूस, घरी चालत आला आणि बाईला हाताला धरून तपासणीला नेलं, म्हणून ती वाचली. तिसऱ्या की चौथ्या खेपेला शिवणवाल्या बाईंनीच हे सांगितलं. डोक्याला रुमाल बांधलेला, चेहरा उतरलेला, पण आवाज तसाच ठणठणीत.

"मला लोक विचारतात," त्या म्हणाल्या. "मी काय सांगू? तुम्ही घरी आलात म्हणून सापडलं, की तुमच्यामुळे तीन आठवडे उशिरा सापडलं? दोन्ही खरंच आहे."

सावकाशराव पुढच्या रस्त्याकडे बघत होते. समोर इस्पितळाचं फाटक दिसू लागलं होतं, रखवालदार आडवा बांबू वर करत होता.

"उशिराचं आधी सांगा," ते म्हणाले.

बाईंनी थोडा विचार केला. "मी दोन्ही सांगते," त्या म्हणाल्या, "पण ऐकणारे एकच ऐकतात. त्याला मी काय करू?"

गाडी उपचारांच्या दारापाशी थांबली. त्यांनी उतरून मागचं दार उघडलं. बाईंना उतरायला त्रास होत होता. त्यांनी हात पुढे केला. बाईंनी तो हात क्षणभर पाहिला, मग आधाराला दाराची कड धरली आणि स्वतःच हळूहळू खाली उतरल्या. उतरल्यावर हातातली पिशवी मात्र त्यांच्याकडे दिली आणि म्हणाल्या, "एवढी धरा आतपर्यंत. जड आहे."

पिशवीत शिवायला घेतलेलं काम होतं. सावकाशराव ती घेऊन त्यांच्या मागून आत गेले.